खटका धरतो का?
मिटत्या चाकूच्या दुरुस्तीवरील पुस्तिकेची प्रस्तावना

मिटत्या चाकूला खटकाच नसेल, तर माणूस जपून काम करतो. पात्याच्या पाठीवर जोर आला तर ते बोटांवर मिटेल, हे हाताला ठाऊक असतं आणि हात तसाच वागतो. खटका पक्का असेल तर निर्धास्तपणे जोर लावता येतो. घात होतो तो तिसऱ्या चाकूने. हा चाकू बहुतेक वेळा धरतो आणि एखाद्याच वेळी सुटतो. त्याच्या मालकाचा हात सावधपणा विसरलेला असतो, कारण खटका आहे ही खात्री हातात मुरलेली असते. या पुस्तिकेचा विषय तो तिसरा चाकू आहे, आणि माझं ठाम मत असं की अधूनमधून सुटणारा खटका अजिबात नसलेल्या खटक्यापेक्षा जास्त धोक्याचा आहे.

उचगावसारख्या गावात हा विषय आला कुठून, असं कुणी विचारेल. बेळगावच्या पश्चिमेला, वेंगुर्ल्याकडे जाणाऱ्या वाटेवरचं हे गाव मळेकरणी देवीमुळे दूरवर माहीत आहे. भोवतीच्या शिवारात भात, ऊस, बटाटा आणि रताळी. या पिकांची हत्यारं न मिटणारी आहेत. विळा, कोयता, खुरपं, सुरा यांचं पातं मुठीत कायमचं बसवलेलं असतं. मूठ ढिली झाली की पाचर मारायची, धार गेली की कानस फिरवायची, फार तर लोहाराकडे टाकायचं. त्यांत लपून बसेल असा बिघाड नसतो. जे बिघडतं ते डोळ्याला दिसतं.

मिटता चाकू खिशातून आला. इकडच्या कितीतरी घरांतली माणसं मराठा लाइट इन्फंट्रीत जाऊन आली. रेजिमेंटचं केंद्र 1922 पासून बेळगावातच आहे. निवृत्त होऊन आलेल्यांच्या ट्रंकेत जाड कमानीचा मिटता चाकू हमखास सापडतो. दुसरी वाट कलमांची. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या ज्या जाती दिल्या, त्यांतल्या वेंगुर्ला-4 (1981) आणि वेंगुर्ला-7 (1997) या दोन घाटाखाली आणि घाटावर चंदगडपर्यंत पसरल्या. काजूचं बी लावलं तर मूळ झाडाचे गुण तसेच्या तसे उतरत नाहीत, म्हणून जातिवंत झाड हवं तर कलमच लावावं लागतं. त्यामुळे अशा प्रत्येक झाडामागे चाकूचा एक तरी घाव असतो. आंब्याच्या कोय कलमाचंही तेच. कलम बांधणाऱ्याला खिशात मावणारा, धार झाकून राहील असा चाकू लागतो, आणि तो मिटताच असतो. तिसरा ओघ अलीकडचा आहे. ऑनलाइन मागवलेले, पट्टीच्या, कडीच्या, आडव्या दांडीच्या खटक्यांचे नाना तऱ्हेचे चाकू आता डोंगर फिरणाऱ्या पोरांपासून वायरमनपर्यंत सगळ्यांकडे दिसतात. चाकू आले, पण ते दुरुस्त करण्याचं ज्ञान त्यांच्याबरोबर आलं नाही.

उचगावला मराठी साहित्य संमेलन भरतं. कथा-कवितेची पुस्तकं तिथे आवर्जून घेतली जातात, याचा मला अभिमान आहे. पण हाताने करायच्या कामांवर मराठीत फार कमी लिहिलं गेलं आहे, आणि ही उणीव मला फार जाचते. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत फिटरला, टर्नरला जे सहज कळतं ते त्याच्या हाताबरोबर निवृत्त होतं. 1888 साली बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात करून लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर केले. 1910 मध्ये ते कुंडलजवळच्या माळावर गेले आणि तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. या भागाला लोखंडाची जाण तेव्हापासून आहे. ती कागदावरही यावी, हे या पुस्तिकेमागचं एक कारण.

आता मूळ विषय. खटक्यावर जोर नेमका कधी येतो, हे आधी समजून घेतलं पाहिजे. धारेने कापताना पातं उघडण्याच्या दिशेनेच ढकललं जातं. ते आपल्या टेकणीच्या पिनेवर दाबून बसतं आणि खटक्यावर जवळपास काहीच भार येत नाही. खटक्याची परीक्षा होते ती तीन प्रसंगी: टोकाने भोसकताना, पाठीवर काही आदळताना, आणि लाकडात रुतलेलं पातं हलवून उपसताना. कलमाच्या कामात हा तिसरा प्रसंग नेहमीचा. खुंटाला मधोमध चीर देताना पातं खाली उतरवायचं आणि मग जरा डुलवत वर काढायचं, त्या डुलवण्यात पाठीवर जोर येतो. म्हणूनच बिघडलेला खटका महिनोन्‌महिने कळत नाही. माणूस कापत राहतो, चाकू छान चालतोय असं म्हणत राहतो, आणि सुटण्याची वेळ येते ती नेमकी हात घाईत असताना.

खटक्यांचे प्रकार पुढच्या प्रकरणांत आकृत्यांसह दिले आहेत. इथे ओळखीपुरतं सांगतो. कलमाचे बरेच चाकू आणि खिशातले छोटे स्विस चाकू यांना खटका नसतोच. पाठीची कमान पात्याच्या बुडाला दाबून धरते, एवढंच. कार्ल एल्सनर यांनी स्विस सैन्याला 1891 मध्ये चाकू पुरवायला सुरुवात केली, तेव्हापासून ही साधी रचना टिकून आहे. पाठीच्या खटक्यात मुठीच्या पाठीवरची दांडी एका पिनेवर डुलते आणि तिचा आकडा पात्याच्या बुडातल्या खाचेत पडतो. रचना जुनीच, पण 1964 मध्ये अमेरिकेतल्या बक कंपनीच्या 110 क्रमांकाच्या चाकूने ती घरोघरी नेली. पट्टीच्या खटक्यात मुठीच्या आतली पातळ पट्टी बाजूला सरकून पात्याच्या बुडामागे उभी राहते. याचं आजचं रूप मायकेल वॉकर यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला घडवलं. फ्रान्सच्या ओपिनेल चाकूला 1955 पासून फिरवायची कडी आहे. आडव्या दांडीचा खटका 1998 नंतरचा. त्यात दोन बाजूंच्या बारीक स्प्रिंगा दांडीला पुढे ढकलत राहतात, आणि एक स्प्रिंग तुटली तरी दुसरीवर चाकू चालतो, म्हणून मालकाला पत्ता लागत नाही.

प्रकार कितीही असले तरी बिघाडाची मुळं मोजकी आहेत, आणि त्यांत पहिला मान घाणीचा. हे मी मुद्दाम जोर देऊन लिहितो, कारण दुरुस्तीला हात घालणारे बहुतेकजण घाणीला किरकोळ समजून थेट कानशीकडे वळतात. आपल्याकडची घाणही साधी नाही. आंब्याचा आणि काजूचा चीक सांध्यात उतरतो आणि वाळून राळेसारखा कडक होतो. त्यावर तांबडी माती बसते, तिच्यातले बारीक खडे पॉलिश पेपरचं काम करतात. पावसाळ्यात, विशेषतः आंबोलीच्या बाजूला काम करणाऱ्यांच्या चाकूत, पातं जिच्यावर फिरतं त्या खिळीभोवती गंज धरतो. खिशातला कापडी भुसा असतोच. पाठीच्या खटक्याच्या खाचेत यातलं कणभर काही दाबून बसलं, तरी आकडा पूर्ण उतरत नाही. वरून टक असा आवाज येतो, पण पकड अर्धीच असते.

हे ओळखायची सोपी खूण आहे. चाकू उघडा आणि पाठ डोळ्याच्या रेषेत धरून उजेडाकडे बघा. पात्याची पाठ आणि दांडी यांची रेषा चाकू नवा असताना होती तशीच आहे का? दांडी जरा जरी वर उचललेली दिसली, तर खाचेत काहीतरी आहे. बांबूची किंवा काडेपेटीतल्या काडीएवढी बारीक लाकडी कामटी टोकदार करून खाच कोरून काढा. सुई किंवा खिळा वापरू नका, त्याने खाचेच्या कडा मारल्या जातात. मग कोमट साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश. वाळलेल्या चिकाला पाणी पुरत नाही, त्याला रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन कापसावर घेऊन लावावं लागतं. शेवटी पूर्ण कोरडं करून खिळीवर शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब.

तो थेंब खिळीवरच. पट्टीच्या खटक्यात पट्टीचं टोक आणि पात्याचं बूड जिथे एकमेकांना भिडतात तिथे तेल जाता कामा नये. तिथली पकड घर्षणावर चालते. चाकू जड चालतो म्हणून सगळीकडे तेल ओतणाऱ्याने स्वतःच आपला खटका निसरडा केलेला असतो. अशा चाकूला दुरुस्ती लागत नाही, नुसतं पुसणं लागतं. स्पिरिटमध्ये भिजवलेलं फडकं त्या दोन तोंडांवर फिरवलं की खटका पुन्हा धरतो. हे करून झाल्याखेरीज पुढची पायरी चढूच नका.

पुढची पायरी खीळ. पातं डाव्या-उजव्या बाजूला हलत असेल तर खीळ ढिली आहे, हे सगळ्यांना कळतं. खीळ फार आवळली तरी खटका सुटतो, हे मात्र थोड्यांना ठाऊक असतं. आवळलेल्या खिळीमुळे पातं शेवटच्या केसभर अंतरात अडतं आणि टेकणीच्या पिनेला भिडत नाही. पातंच जागेवर पोचलं नाही, तर पट्टीला त्याच्या बुडामागे शिरायला जागा मिळत नाही. ती काठावर टेकून राहते. म्हणजे ढिलाई घालवायला स्क्रू गच्च फिरवणारा माणूस एक दोष काढून दुसरा, आणि जास्त वाईट, दोष घालत असतो. योग्य आवळणं कसं ओळखायचं? पातं बाजूला हलू नये, आणि खटका सोडल्यावर ते विनाअडथळा फिरावं. या दोहोंच्या मधली जागा स्क्रूच्या अगदी थोड्या वळणात असते, म्हणून स्क्रू थोडा थोडाच फिरवावा. जागा सापडल्यावर स्क्रू काढून आट्यांवर निळ्या लॉकटाइटचा बारीक ठिपका द्यावा. निळाच, कारण तो पुढे पान्याने सुटतो. ठिपका वॉशरवर उतरला तर पातं चिकटून बसेल, हेही ध्यानात असू द्या.

रिव्हेटचे जुने चाकू वेगळे. त्यांना स्क्रू नसतो, म्हणून रिव्हेटचं डोकं ऐरणीवर हलक्या हातोडीने बसवावं लागतं. दोन-तीन हलके टोले, मग पातं उघडून बघायचं, मग पुन्हा. घाईने एक जोराचा टोला मारला तर पातं कायमचं अडकतं.

पात्याचा वर-खाली खेळ ही वेगळी गोष्ट. तो खिळीने जात नाही. खाच झिजली, आकडा गोल झाला, टेकणीची पिन एका बाजूने चेपली किंवा पट्टी वाकली, यांपैकी काहीतरी घडलेलं असतं. आता आपण खटक्याच्या तोंडाशी येतो. पट्टीच्या खटक्यात पट्टीचं टोक पात्याच्या बुडाच्या साधारण पहिल्या तृतीयांशावर टेकलेलं असावं. नुसतं काठाला शिवत असेल तर तो चाकू कामाचा नाही. वर्षानुवर्षांच्या झिजेने टोक सरकत सरकत पलीकडच्या बाजूला जाऊन भिडलं असेल, तर त्याला झीज भरून काढायला आणखी जागा उरलेली नाही. पट्टी काठालाच का शिवते, याची कारणं मी वर सांगितली: घाण, तेल, आवळलेली खीळ. ती तिन्ही तपासून झाली असतील, तरच पट्टीचा ताण कमी झाला आहे असं मानावं. पातं काढून पट्टी आतल्या बाजूला अगदी हलकेच वाकवून हा ताण वाढवता येतो. लोक ही पायरी पहिल्यांदा करतात, आणि पट्टीचा बुंधा थकवून टाकतात.

दोन तोंडं एकमेकांना कुठे भिडतात हे बघायला उद्यमबागेतल्या कुठल्याही जुन्या फिटरला विचारा, तो निळ्या शाईचं नाव घेईल. बेअरिंग बसवताना जे मार्किंग ब्लू लावतात तेच इथेही. नसेल तर साधा स्केचपेन चालतो. पात्याच्या बुडाला रंग द्या, चाकू काही वेळा उघडा-मिटा, आणि रंग कुठे पुसला गेला ते भिंगातून बघा. संपूर्ण रुंदीवर एकसारखा पुसला असेल तर उत्तम. एखाद्या कोपऱ्यातच पुसला गेला असेल, तर सगळा भार त्या कोपऱ्यावर आहे आणि तो लवकरच चेपेल. अंदाजावर विसंबून केलेल्या शंभर उपायांपेक्षा हा एक रंगाचा डाग जास्त सांगतो.

आणि मग कानस. या पुस्तिकेत कानशीचं प्रकरण शेवटी आहे, आणि ते तसंच शेवटी वाचावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. पात्याचं बूड सरळ नसतं, त्याला साधारण सात-आठ अंशांचा उतार दिलेला असतो. उतार कमी झाला तर पट्टी अडकून बसते आणि सोडताना अंगठा दुखतो. उतार जास्त झाला तर पट्टी जोराखाली घसरते. अडकणाऱ्या पट्टीला कंटाळून माणूस ते तोंड घासून गुळगुळीत करतो, चाकू लोण्यासारखा मिटायला लागतो, तो खूश होतो, आणि नेमका याच क्षणी त्याचा पक्का खटका कच्चा झालेला असतो. एक-दोन अंशांचा फरक उघड्या डोळ्याला दिसत नाही, पण पट्टी घसरायला तो पुरतो. काढलेला धातू परत लावता येत नाही. म्हणून ज्याच्याकडे कोन धरणारं साधन नाही, त्याने बुडाला कानस लावूच नये, हे मी इथे निःसंदिग्धपणे सांगून ठेवतो. उचगावहून उद्यमबाग काही लांब नाही. सरफेस ग्राइंडर असलेल्या कारखान्यात हे काम नेमकं होतं.

ओपिनेलबद्दल एक स्वतंत्र गोष्ट, कारण त्याच्या तक्रारी इथे पावसातच येतात. त्याची लाकडी मूठ ओलाव्याने फुगते आणि पातं घट्ट होतं. मग ते पुरतं उघडत नाही आणि कडी अर्धीच फिरते. हा कडीचा दोष नव्हे. चाकू चुलीजवळ नव्हे, सावलीत दोन दिवस सुकवावा, आणि मग मुठीच्या खाचेत जवसाचं तेल मुरवावं. कडी खरोखरच सैल झाली असेल, तरच ती काढून किंचित आवळावी.

परीक्षेविषयी लिहिल्याशिवाय ही प्रस्तावना पुरी होणार नाही. चाकूची पाठ टेबलावर आपटून खटका तपासायची पद्धत सध्या व्हिडिओंमधून पसरली आहे. ती मला मान्य नाही. आपटण्याचा धक्का चांगल्या खटक्याचीही तोंडं चेपतो, आणि अशा परीक्षेत उत्तीर्ण झालेला चाकू परीक्षेमुळेच पुढे सुटू शकतो. पाठ लाकडाच्या ओंडक्यावर टेकवून हळूहळू वाढता दाब द्यावा, मुठीला दोन्ही बाजूंना थोडा पीळ देऊन पुन्हा द्यावा. पीळ महत्त्वाचा, कारण पट्टीचे खटके सरळ दाबात टिकतात आणि पिळात सुटतात. हे सगळं करताना मूठ फक्त बाजूंनी धरायची, बोटं पात्याच्या वाटेत येऊ द्यायची नाहीत. एकदा धरलं म्हणून समाधान मानू नये. उघडून, मिटून, पुन्हा उघडून, सावकाश उघडून आणि झटक्याने उघडून बघावं. कधीतरीच दिसणारा दोष एका परीक्षेत सापडत नाही.

इतकं का? कारण मिटणारं पातं बोटांच्या आतल्या अंगावर येतं, आणि तिथे बोट वाकवणाऱ्या शिरा म्हणजे स्नायुबंध कातडीच्या जवळच असतात. बोटाच्या मधल्या भागातले हे बंध तुटले तर जोडणं इतकं कठीण की त्या जागेला हाताचे सर्जन ‘नो मॅन्स लँड’ म्हणत आले आहेत. जखम छोटी दिसते, रक्त थांबतं, आणि बोट मात्र वाकत नाही. बोट वाकत नसेल किंवा शेंडा बधिर वाटत असेल, तर हळद दाबून घरी बसू नये. त्याच दिवशी हाताच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जावं. कलम बांधणाऱ्याचं पोट त्या बोटांवर असतं.

कायद्याबद्दल बरेच जण बिचकत विचारतात. सिनेमातल्या रामपुरीमुळे मिटता चाकू म्हटला की गुन्हाच डोळ्यांसमोर येतो. शस्त्र कायद्याखालच्या नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्यांना परवान्याची अट आहे, आणि त्यातूनही घरगुती, शेतीच्या व कारखान्याच्या कामासाठी बनवलेली हत्यारं वगळलेली आहेत. कलमाचा चाकू या मापांच्या कितीतरी आत बसतो. तरीही निवडणुकीच्या काळात किंवा जमावबंदी असताना पोलिसांचे वेगळे आदेश निघतात, तेव्हा तो शेतातच राहू द्यावा.

काही खटके दुरुस्त होत नाहीत. खाच पार झिजलेली, पट्टी पलीकडे पोचलेली, रिव्हेट तिसऱ्यांदा ठोकलेलं. असा चाकू घरात तसाच पडू देणं मला सगळ्यात धोक्याचं वाटतं, कारण मालकाला त्याची खोड माहीत असते, पण ट्रंक उघडून तो उचलणाऱ्या मुलाला किंवा सुनेला नसते. पातं चांगल्या पोलादाचं असेल तर ते काढून सागवानी मुठीत कायमचं बसवावं आणि त्याला चामड्याचं म्यान शिवावं. वडिलांची आठवण राहते आणि खटक्याचा प्रश्नच संपतो. ते जमणार नसेल, तर खटक्याची दांडी किंवा पट्टी सरळ काढून टाकावी. चाकू बिनखटक्याचा आहे हे उचलणाऱ्याला पहिल्याच उघडझापीत कळलं पाहिजे.

पुस्तिकेतली प्रकरणं वर सांगितलेल्या क्रमानेच लावली आहेत: साफसफाई, खीळ, टेकणीची पिन, कमान आणि पट्टी, भिडणारी तोंडं, कानस. मधलं एखादं प्रकरण गाळून पुढे जाऊ नका. काम उजेडात, पांढऱ्या कापडावर करा, म्हणजे पडलेला वॉशर सापडेल. सुटा केलेला प्रत्येक भाग ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडून ठेवा आणि मोबाइलवर त्याचा फोटो घ्या. आणि पहिल्या प्रकरणाचं पान उलटण्याआधी पातं उघडून धारेवर कापडी चिकटपट्टीचे तीन-चार वेढे गुंडाळा.

उचगाव, ता. व जि. बेळगाव